कार्याला यायचं हं! शिरूर-दौंडच्या नवशिक्या पाहुण्यांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका कोणासाठी

रांजणगाव एमआयडीसीत नुकताच रुजू झालेला इंजिनिअर, कुरकुंभच्या कारखान्यातला केमिस्ट, बदली होऊन आलेले बँकेचे साहेब, दौंडला रेल्वेत लागलेला परगावचा मुलगा आणि या दोन तालुक्यांतल्या कुठल्याही गावाने करून घेतलेला शहरी जावई, एवढ्यांना समोर ठेवून हे लिहिलं आहे. इथल्या माणसाला याची गरज नाही. त्याच्या बारशाला कोण आलं आणि कोण आलं नाही, हे त्याच्या कानावर दात यायच्या आधीच पडलेलं असतं.

भूगोल थोडक्यात. शिरूर घोड नदीच्या काठी, पुणे-नगर रस्त्यावर; जुनी माणसं त्याला अजून घोडनदीच म्हणतात. दौंड भीमेच्या काठी, जिथे मनमाडकडे आणि सोलापूरकडे जाणारे रूळ फुटतात तिथे. दोन्हींच्या मध्ये ऊस, कांदा, गुऱ्हाळं आणि पारगावचा पूल. नकाशात एवढंच सापडतं. या पट्ट्यात रोज कुणाचं तरी काहीतरी असतं, हे मात्र नकाशा सांगत नाही. साखरपुडा, बारसं, जावळ, वास्तुशांत, जागरण-गोंधळ, वाढदिवस, निवड, सप्ताह, यात्रा, दहावा. यातलं काहीच नसेल तर कुणाच्या तरी बोअरला पाणी लागलेलं असतं आणि पेढे असतात.

लागणारं साहित्य: एक पांढरा किंवा पांढऱ्याच्या जवळपासचा शर्ट, पेट्रोल भरलेली मोटारसायकल, कोऱ्या पाकिटांचा गठ्ठा, रुपया-रुपयाची नाणी आणि दुपारी साडेतीनला पोटभर जेवण्याची तयारी.

आवतण ओळखणे

आवतणाचे मुख्य प्रकार दोन: चूलबंद आणि घरटी एक. चूलबंद असेल तर त्या दिवशी तुमच्या घरची चूल पेटवायची नाही. म्हातारी, लेकरं, आलेला पाहुणा, सगळ्यांनी त्यांच्याकडे जेवायचं. घरटी एक असेल तर घरातलं एक माणूस. नवशिके पहिला मार इथेच खातात. चूलबंद आवतणाला एकटे जातात आणि "मिसेसचं डाएट चालू आहे" असं सांगतात. त्यावर यजमान हसतात, पण त्यांना एवढंच ऐकू येतं की यांच्या घरात आपल्याविषयी काहीतरी बोलणं झालेलं आहे. ते कोणी काढलं याचा तपास संध्याकाळपर्यंत सुरू होतो. उलट, घरटी एक सांगितलेलं असताना चौघं गेलात तर कोणी चकार शब्द काढत नाही. "या, या, बरं केलंत," असंच म्हणतात. फक्त तुमच्याकडे काही असेल तेव्हा तेही चौघं येतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली पत्रिका बातमीत धरावी. घरी येऊन, दाराशी चप्पल काढून, अक्षता ठेवून, अर्धा कप चहा घेऊन जे देतात ते आमंत्रण. अर्धाच कप, कारण त्या माणसाला त्या दिवशी आणखी तीस-चाळीस घरं करायची असतात.

पत्रिका हातात आली की इंजिनिअर माणूस तारीख, वेळ आणि ठिकाण वाचून ती फ्रिजवर ठेवून देतो. या तिन्हींत ठिकाण तेवढं भरवशाचं. खरा मजकूर खालीच असतो. निमंत्रक, कार्यवाहक, व्यवस्थापक, आशीर्वाद, प्रमुख उपस्थिती आणि तळाला 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी दोन-तीन वर्षांची बाळं. लग्न एका बैठकीत ठरतं. ही यादी ठरायला चार लागतात. भावकीतलं एकही नाव गळता कामा नये, थोरल्याचं नाव धाकट्याच्या खाली जाता कामा नये, सोसायटीचे आजी आणि माजी चेअरमन दोघेही यावेत पण शेजारी-शेजारी येऊ नयेत. इतकं करून छापून आल्यावर एक नाव राहिल्याचं कळतंच. मग त्या घरी नवरदेवाचे वडील स्वतः जातात आणि चहा पूर्ण कप घेतात.

बस्त्याला, म्हणजे लग्नाची कापडं काढायला, तुम्हाला कोणी बोलावलं तर तुम्ही पाहुणे उरला नाहीत. पुढचं न वाचलं तरी चालेल.

वेळेचं गणित

पत्रिकेवर मुहूर्त छापलेला असतो दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांचा. त्यातली मिनिटं पंचांगाची आणि तास पुढाऱ्यांचे. साडेबाराला नवरदेव नुकताच मारुतीच्या पाया पडायला निघालेला असतो. ही मिरवणूक, म्हणजे परण्या, पुढे सरकत नाही कारण मित्र नाचत असतात. मित्र थांबत नाहीत कारण बँजोवाल्याला पैसे मोजलेले असतात. बँजोवाला थांबत नाही कारण त्याला थांबायला कोणी सांगितलेलं नसतं.

इकडे मंगल कार्यालयात माइक सुरू झालेला असतो. माइकवरचा निवेदक हे या भागातलं स्वतंत्र पद आहे. दारातून आत येणारा प्रत्येक माणूस कोणत्या संस्थेवर आहे, कोणाचा साडू आहे आणि मागच्या निवडणुकीत कोणाकडून होता, हे त्याला पाठ असतं आणि यातलं नेमकं काय बोलायचं नाही हेही. आपलं नाव माइकवरून यावं असं वाटत असेल तर स्वतः जाऊन सांगू नये. ओळखीच्या कोणाला तरी सांगायला लावावं. तुम्ही ट्रेनी असलात तरी माइकवर 'कंपनीचे मॅनेजरसाहेब' होता. ती दुरुस्ती करायला स्टेजकडे धावू नये. मॅनेजर आपल्याकडे जेवून गेला यात यजमानाचाही मान आहे आणि तो काढून घेण्याचा तुम्हाला अधिकार नाही.

त्यानंतर शुभाशीर्वाद. पहिल्या तिघांच्या आशीर्वादात उसाचा दर येतो. चौथ्याच्या आशीर्वादात कालव्याचं आवर्तन. शिरूरकडे असाल तर घोडचं किंवा चासकमानचं, दौंडकडे असाल तर खडकवासल्याचं. पाचवा माइक हातात घेऊन शेजारच्याला वधू-वरांची नावं विचारून घेतो. या काळात अक्षता मुठीत धरून बसू नये, घामाने चिकटतात. पिशवीतच राहू द्याव्यात. गुरुजींनी घसा खाकरला की काढाव्यात.

आहेर, फेटा आणि वही

'कृपया आहेर आणू नये' असं छापलेलं असेल तर आणू नये. असं छापलेलं नसेल तर दाराजवळ टेबल, टेबलामागे घरातला सर्वांत विश्वासू पण सर्वांत कमी बोलणारा माणूस आणि त्याच्यापुढे वही असते. नाव, गाव, रक्कम. शंभर देऊ नयेत, एकशे एक द्यावेत. ती नाणी त्यासाठीच.

या वहीविषयी मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण बाकी सगळी मार्गदर्शिका हिच्याभोवती फिरते. लग्न झालं की फुलं वाळतात, मांडववाला खांब उपटून नेतो, अल्बम कपाटात जातो. वही मात्र सातबारा आणि गाडीच्या कागदांसोबत पत्र्याच्या पेटीत जाते. पाच वर्षांनी तुमच्या घरी बारसं निघालं की ती पेटीतून बाहेर येते. "साहेबांनी किती केलं होतं?" "एकशे एक." "मग आपण एकशे एकावन्न करू." दरवेळी थोडं वर. बरोबरी केली तर हिशेब मिटल्यासारखं होतं आणि हिशेब मिटवणं म्हणजे संबंध मिटवणं. कोणीतरी कोणाचं थोडं देणं लागत राहिलं पाहिजे, म्हणजे जाणं-येणं राहतं. बँकेच्या साहेबांना हे पचायला जड जातं. त्यांनी याला चालू खातं समजावं.

रकमेपेक्षा मोठी नोंद त्या वहीत नसते, ती डोक्यात असते: तुम्ही आलात का, आणि जेवून गेलात का. पाकीट पाठवून दिलं आणि स्वतः आला नाहीत तर ते पाकीट जमेला धरत नाहीत.

फेटा बांधला जातोय असं दिसलं तर डोकं पुढे करावं, 'नको नको' दोनदा म्हणावं, तिसऱ्यांदा म्हणू नये. फेटेवाल्यापुढची रांग लांब असते आणि तो तुमचं ऐकेल.

जेवण: सर्वांत मोठा धडा

लग्नाचं जेवण शाकाहारी आणि ते सोपं. वांग्या-बटाट्याची भाजी, मसालेभात, जिलेबी किंवा बुंदी, पुरी, मठ्ठा. बुफे असेल तर तुम्ही शहरात शिकलेलं सगळं चालेल. पंगत असेल तर शेवटच्या माणसाला वाढून होईपर्यंत हात आवरावा. गजर झाला की सुरू करावं. यजमान मधून 'सावकाश होऊ द्या' म्हणत फिरतात. त्याचा अर्थ सावकाश जेवा असाच आहे, पण तुमच्या मागे पुढची पंगत खुर्चीची पाठ धरून उभी असते, त्यांचा अर्थ वेगळा आहे.

अवघड जेवण जावळाचं. मुलाला मामाच्या मांडीवर बसवून त्याचे पहिले केस काढतात, मूल रडतं, मामाला कपडे होतात आणि बोकड पडतो. इथे वार कळणं महत्त्वाचं. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, मंगळवार घरागणिक, शिवाय एकादशी आणि संकष्टी. रांजणगावचा महागणपती शिरूर तालुक्यातच आणि सिद्धटेकचा सिद्धिविनायक दौंडहून भीमेपलीकडे, पूर्वी शिरापूरहून नावेने जायचं. म्हणजे अष्टविनायकांपैकी दोघांची नजर या भागावर आहे, संकष्टीला सूट मिळत नाही. उरले रविवार, बुधवार, शुक्रवार. मटणाची सगळी कार्यं या तीन वारांत बसवायची असल्याने रविवारी एका माणसाला तीन ठिकाणी जेवावं लागतं. आषाढात तर श्रावण तोंडावर असल्याने आखाडाच्या पार्ट्यांची इतकी दाटी होते, की रविवार कमी पडतात.

जेवण्याची रीत. आधी वाटीत आळणी येतं, म्हणजे मिठाहळदीत शिजलेल्या मटणाचं पाणी, तिखट न घातलेलं. नवशिके याला सूप समजून चमचा मागतात. चमचा मागू नये. वाटी तोंडाला लावावी. मग बाजरीची भाकरी घ्यावी, दीड तरी. ती ताटात चुरायची. घाईने मोठे तुकडे केले तर रस्सा आत शिरत नाही, फार बारीक केले तर लगदा होतो. अंगठ्याच्या नखाएवढे तुकडे बरोबर. मधोमध आळं करायचं, वाढप्याकडे बघायचं आणि रस्सा म्हणायचं. तो वरची तर्री ओतेल. इथे घाबरून 'बास, बास' म्हणणाऱ्याला पुढच्या फेरीत पातळ रस्सा मिळतो. भाकरीला रस्सा दोन मिनिटं पिऊ द्यावा. कांदा फोडावा, लिंबू पिळावं. चार बोटांनी जेवावं, तळहात कोरडा राहिला पाहिजे. नळी ताटात पडली तर शेजारच्याला देऊ नये. ती वाढप्याने तुमचं तोंड बघून वाढलेली असते आणि देऊन टाकणं त्याला लागतं.

'मी शाकाहारी आहे' असं सांगितलं तर कोणी वाईट मानत नाही. तुमच्यासाठी मासवडी होते. म्हणजे बेसनाच्या पोटात तीळ-खोबऱ्याचं सारण भरून त्याच्या वड्या पाडायच्या आणि झणझणीत रश्शात सोडायच्या. ती करायला मटणापेक्षा जास्त वेळ आणि जास्त बायका लागतात. तेव्हा शाकाहारी असण्याने आपण यजमानांचा त्रास वाचवला असं समजू नये. हुलग्याचे शेंगोळे मात्र पाहुण्यांना सहसा कोणी करत नाही. ते कोणी वाढले तर तुम्ही घरचे झालात.

हिवाळ्यात हुरडा. शेतात आगटी पेटवतात, कणसं गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात आणि कोणीतरी जाणता माणूस ती तळहातावर चोळून गरम दाणे तुमच्या ओंजळीत टाकतो. सोबत शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ. हल्ली माणशी दर लावून याची सहल काढतात, झोपाळे असतात, सेल्फीची जागा असते. तिथे जाऊ नका असं म्हणणार नाही. पण चोळणाऱ्याने 'भाजलं का हाताला' विचारलं नाही, तर तो हुरडा अर्धाच. गुऱ्हाळावर गेलात तर काहिलीतला गरम पाक उसाच्या कांडीवर घेऊन मिळेल. गुळव्याने दिला तर घ्यावा. मागू नये, कारण त्या वेळी त्याचं सगळं लक्ष चाचणीवर असतं आणि गूळ बिघडला तर तुमची आठवण राहते.

हे सारं इथे आजकाल सुरू झालं असं कोणाला वाटत असेल, तर शिरूर तालुक्यातल्या इनामगावाची गोष्ट ऐकावी. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ पासून तिथे घोड नदीच्या काठी अनेक हंगाम उत्खनन केलं. तीन हजार वर्षांहून जुनी शेतकऱ्यांची वस्ती निघाली, आणि त्यात पाच खोल्यांचं एक मोठं घर निघालं, ते त्यांनी गावच्या प्रमुखाचं मानलं. शेजारीच धान्याचं कोठार. पुढाऱ्याच्या घराला लागून कोठीघर हवं, एवढी अक्कल इथल्या माणसाला लोखंड हाताळायला लागायच्या आधीच आलेली होती.

वाढदिवस आणि फ्लेक्स

चौकातला फ्लेक्स खालून वर वाचावा. सर्वांत वर मोठ्या पुढाऱ्यांचे फोटो असतात, ते दरवर्षी तेच. कधीकधी पक्ष बदललेला असतो. मधे उत्सवमूर्ती गॉगल लावून फोनवर बोलत चालत येत असते. खाली शुभेच्छुकांचे चौकोनी फोटो, त्यात माहिती असते. मागच्या वर्षी असलेला चौकोन यंदा नसेल तर बांधावरून काहीतरी झालेलं आहे. नावामागे 'भावी' लागलेलं दिसलं तर ग्रामपंचायतीची मुदत संपत आली. बैलाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स दिसला तर हसू नये. त्या बैलाची किंमत तुमच्या गाडीपेक्षा जास्त असण्याची शक्यता आहे.

केक चाकूने कापावा. तलवारीने कापला तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो आणि पुढचा फोटो चौकीतला येतो.

निवडीची मिरवणूक

पोरगं पोलीस भरतीत निघालं, मुलगी स्पर्धा परीक्षेतून फौजदार झाली, की गाव मिरवणूक काढतं. जेसीबीच्या बकेटमधून फुलं पडतात, क्रेनला माणसाच्या चौपट हार टांगलेला असतो. शहरी पाहुण्याला हे अति वाटतं. त्याने थोडा इतिहास बघावा. राज्य परिवहनची पहिली एसटी १ जून १९४८ ला नगरहून पुण्याला निघाली ती याच रस्त्याने, शिरूरवरून. तिकीट अडीच रुपये. वाटेतल्या गावांत लोक गाडी बघायला जमले, सवाष्णींनी तिची पूजा केली. ज्यांनी एका बसला ओवाळलं, त्यांची नातवंडं गावातल्या पहिल्या फौजदारणीवर चार घमेली झेंडू उधळतात, यात मला काही वावगं दिसत नाही. डीजेच्या भिंतीबद्दल मात्र बोलू. तिच्यापासून वीस पावलं लांब उभं राहावं आणि ज्येष्ठांनाही हात धरून तिकडेच न्यावं.

मिरवणुकीत नाचता येत नसेल तर चालेल. गुलाल लागला नाही असं होऊ देऊ नये. स्वच्छ शर्टाने परत जाणारा माणूस लक्षात राहतो.

घाटावर

यात्रेला गेलात तर घाटावर जायचंच. इथे घाट म्हणजे बैलगाडा पळण्याची चढती धाव. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर पुन्हा परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. मधल्या सात वर्षांत जन्मलेल्याचं वय या भागात वर्षांत सांगत नाहीत. "बंदीच्या काळात झाला हा," असं पोराबद्दल सांगतात. बैलांना त्रास होतो की नाही या विषयावर घाटावर चर्चा काढू नये. बाहेर जरूर काढावी, माझंही मत आहे. घाटावर फक्त बारी बघावी: पुढे घोडी, मागे बैल, 'भिर्रर्र'चा आवाज, धुरळा, आणि काही सेकंदांत सगळं संपलेलं. मग पुढची अर्धी दुपार त्या सेकंदांवर वाद. खरी यात्रा या वादात असते.

यवतचं पिठलं

वर्षातून एकदा असं आवतण येतं ज्यात घरटी किती हे कोणी विचारत नाही. तुकाराम महाराजांची पालखी लोणी काळभोरचा मुक्काम हलवून यवतला काळभैरवनाथाच्या मंदिरात येते, दुसऱ्या दिवशी वरवंडला जाते. यवतला वारकऱ्यांना जेवण पिठलं-भाकरीचं. मंदिरात मोठमोठ्या कढयांत पिठलं रटरटतं आणि भाकरी घराघरांतून येतात, पाट्या भरून. कोणाच्या जाड, कोणाच्या पातळ, कोणाच्या कडेला करपलेल्या. सगळ्या एका ढिगात पडतात आणि कोणाची कोणती हे कळायचा मार्ग उरत नाही.

नवशिक्याने इथे जेवायला जाऊ नये, वाढायला जावं. ताट हातात नसेल तर पाणी द्यावं. भाकरी येत असतील तर थापायला बसावं. बँकेच्या साहेबांनीही बसावं, पहिली तव्यावर जायच्या आधी मोडेल, काही बिघडत नाही. ज्या लग्नांमध्ये तुमची नोंद झाली त्यांची संख्या कितीही असो, 'साहेब यवतला पिठलं वाढत होते' ही नोंद सगळ्यांच्या वर जाते. आणि ती कोणत्याही वहीत नसते.

दहावा

हा भाग थोडक्यात. कोणाकडे कोणी गेलं तर दहाव्याला जायचं. नदीकाठच्या घाटावर, घोडेच्या किंवा भीमेच्या, सकाळी लवकर. प्रवचन होतं, श्रद्धांजली होते, कावळा शिवेपर्यंत सगळे थांबतात. तुम्ही मयताला कधी पाहिलेलं नसलं तरी चालतं. काही बोलावं लागत नाही. मुलाच्या खांद्यावर हात ठेवायचा, मागच्या रांगेत बसायचं. लग्नाला नाही आलात तर लोक कारण ऐकून घेतात. इथे कारण चालत नाही.

साहेबाचा भाऊ होणे

सुरुवातीला तुम्हाला 'साहेब' म्हणतील, जावयाला 'पाव्हणं'. वर्षभराने 'भाऊ' ऐकू आलं तर चाललंय ते बरोबर. 'अहो भाऊ'चं 'ए भाऊ' झालं की पुढच्या सप्ताहाची वर्गणी गोळा करायला तुम्हाला पाठवतील, तयारी ठेवावी. बाहेरच्याला आत घ्यायला इथे वेळ लागतो, पण घेतल्यावर सोडत नाहीत. शिरूरला इंग्रजांची छावणी होती. तिथला कर्नल वॉलेस १८०९ मध्ये वारला. पुणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरात नोंद आहे की आसपासच्या गावांतले लोक त्याला सत्पुरुष मानून त्याच्या थडग्याला भजत आणि सुगीला पहिल्या धान्याचा नैवेद्य आणत. कंपनी सरकारच्या कर्नलला सुगीचा वाटा मिळू शकतो. कंपनीतल्या ट्रेनीने धीर सोडू नये.

एका मुहूर्तावर दोन लग्नं

शेवटचा धडा प्रगत विद्यार्थ्यांसाठी. दाट तिथीला शिरूरला १२.३५ चं आणि केडगावला १२.४० चं, दोन्ही आवतणं घरी येऊन दिलेली, दोघांनीही चहा अर्धा कप घेतलेला. एकाला नाही म्हणणं शक्य नाही. नवरा-बायको वाटून घेणं हा सोपा उपाय, पण मग दोन्हीकडे 'वहिनी नाही आल्या?' आणि 'भाऊ कुठं राहिले?' यांची उत्तरं देत बसावी लागतात.

म्हणून असं करावं. साडेअकराला शिरूरला पोचावं, यजमानाच्या समोर जावं, पाकीट द्यावं, निवेदकाच्या टप्प्यात बसावं. नाव माइकवर आलं की नाश्त्याच्या पोह्यांत चमचा घालावा, म्हणजे अन्न पोटात गेल्याची नोंद होते. मग न्हावऱ्यावरून पारगावचा पूल ओलांडून केडगाव. वाटेत उसाच्या ट्रॉल्या लागतात, तास-सव्वा तास धरावा. तिथे अक्षता पडून गेल्या असतील अशी भीती बाळगू नये. केडगावकर मंडळी अजून प्रमुख पाहुण्यांची वाट बघत खोळंबलेली असतात, आणि ते प्रमुख पाहुणे शिरूरच्या लग्नात तुमच्या पुढच्याच सोफ्यावर बसून आशीर्वादाची वेळ यायची वाट बघत असतात. तेव्हा तुम्हीही शिरूरलाच बसून राहावं, जिलेबी घ्यावी. ते उठले की उठावं आणि त्यांच्या गाडीमागे गाडी लावावी.